दोन राजधान्यांमधले धारूर

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या तयारीची धावपळ सुरू होण्यापूर्वी, आम्ही धारूरचा किल्ला पाहावयास गेलो होतो. बीड जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव बालाघाटच्या डोंगरात वसलेले आहे. किल्ल्याच्या तीन अंगांना दरी आणि एका अंगाला गाव. ढासळत्या तटावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा शेळ्या राखीत बसला होता. आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे एक विमान पांढरी रेघ ओढीत चालले होते. मुलाने मान वर करून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले आणि आम्हांस विचारले, “काका, इमानानं कोल्हापूर किती येळाचं हाय?”

मुंबई नव्हे, दिल्ली नव्हे, कोल्हापूरच का? चौकशी केली तेव्हा कळले की त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊस तोडावयास तिकडे गेले आहेत आणि तो आजीपाशी राहिला आहे. आम्ही त्या वेळी काहीतरी मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. घरी परतल्यावर नकाशा, पट्टी आणि इतिहासाची चार पुस्तके घेऊन बसलो. त्या मुलाला तेव्हा देता न आलेले उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

अंतर ही मैलांत किंवा किलोमीटरांत सांगावयाची वस्तू, असे आपण आज धरून चालतो. आपल्या पूर्वजांची समजूत तशी नव्हती. ते अंतर कोसांत सांगत, आणि कोस म्हणजे ढोबळ मानाने दोन मैल असला तरी प्रांतोप्रांती तो लहानमोठा होई. त्याहून खरे माप मजलेचे. एका दिवसात माणूस, बैल आणि ओझे मिळून जेवढे चालतील तेवढी एक मजल. मोठ्या फौजेची मजल बहुधा चार-पाच कोसांची असे. म्हणजे अंतर आणि वेळ ही दोन निराळी मापे नव्हतीच. ‘किती लांब?’ आणि ‘किती दिवस?’ हा एकच प्रश्न होता. शेळ्या राखणाऱ्या मुलाने तो त्याच जुन्या पद्धतीने विचारला होता.

धारूरचा किल्ला मजलांच्या या हिशेबातूनच जन्मास आला. सरळ रेषेत मोजले तर विजापूर येथून दक्षिणेस सुमारे २२५ किलोमीटर, आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, पश्चिमेस सुमारे १४५ किलोमीटर भरते. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने १५६७-६८ च्या सुमारास येथे किल्ला बांधून काढला, तो निजामशाहीच्या छातीवर ठाण मांडण्यासाठी. जो शत्रू एरवी पंधरा मजलांवर होता तो आता आठ-नऊ मजलांवर येऊन बसला. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाला हे सहन होणे शक्य नव्हते. त्याने किल्ल्यावर चालून जाऊन १५६९ साली तो घेतला. त्या लढाईत किश्वरखान बाण लागून ठार झाला. अंतर कमी करण्याची किंमत त्याने प्राणाने मोजली.

पुढे १६३० साली शहाजहान बादशहा दक्षिणेची मोहीम चालविण्यासाठी बुऱ्हाणपुरास येऊन राहिला. बुऱ्हाणपूर धारूरच्या जवळजवळ थेट उत्तरेस, सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. त्याचा सेनापती आझमखान याने १६३१ च्या प्रारंभी धारूर जिंकले. ते दिवस दख्खनच्या महाभयंकर दुष्काळाचे होते. दुष्काळात मजला लांबतात, कारण बैल मरतात आणि वाटेवर दाणा मिळत नाही. पुढील काळातील मोगली कागदांत धारूरचे नाव ‘फतेहाबाद’ असे येते. जेत्यांनी नाव बदलले, पण गावाने आपले जुने नाव सोडले नाही.

आणखी एकदा धारूरचे अंतर इतिहासात निर्णायक ठरले. १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या फौजांनी उदगीरपाशी निजामाला कोंडीत धरले, तेव्हा औशाच्या बाजूने वाट काढून धारूरला असलेल्या आपल्या फौजेशी गाठ घालावी असा निजामाचा बेत होता. औशापासून धारूर सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर, म्हणजे चारपाच मजला. तेवढी सवड मराठ्यांनी दिली नाही. ३ फेब्रुवारीच्या लढाईनंतर निजामाला तह करावा लागला आणि साठ लक्षांचा मुलूख तोडून द्यावा लागला. आजचे विमान ज्या अंतरास पाच-सहा मिनिटेही लावणार नाही, ते निजामाच्या फौजेला अखेरपर्यंत ओलांडता आले नाही.

आता क्षणभर डोंगर सोडून समुद्राकडे वळू. किश्वरखान पडला त्यानंतर दहाच वर्षांनी, ४ एप्रिल १५७९ रोजी, एक तरुण इंग्रज जेझुइट लिस्बनहून जहाजात बसला आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास उतरला. तो प्रवास २०३ दिवसांचा झाला. ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स ते हेच. गोव्यास पोचल्यावर त्यांनी आपल्या वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. त्या पत्रात खलाशांच्या एका मोठ्या अडचणीचा उल्लेख आहे. उत्तर-दक्षिण आपण कोठे आहोत हे सूर्याच्या नि ताऱ्यांच्या उंचीवरून कळते, पण पूर्व-पश्चिम किती आलो हे सांगणारी स्थिर खूण आकाशात नाही. मराठीला ओव्यांचे एवढे मोठे लेणे देणाऱ्या या माणसाने सहा महिने समुद्रावर काढले, ते आपण नेमके किती दूर आलो हे नीट न कळताच.

ही अडचण वास्तविक वेळेची होती. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. म्हणून दोन गावांच्या मध्यान्हांमधले अंतर कळले की त्यांच्यामधले पूर्व-पश्चिम अंतर कळते. धारूरचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे तेरा मिनिटे आधी माथ्यावर येतो आणि हैदराबादचा सुमारे बावीस मिनिटे आधी. हे मोजण्यास लागणारी, समुद्रावरही अचूक चालणारी घड्याळे अठराव्या शतकात तयार झाली.

तरीही जमिनीवरचे खरे, सरळ रेषेतले अंतर मोजावयाचे राहिलेच होते. ते काम १८०२ साली विल्यम लँबटन या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासजवळ, सेंट थॉमस माउंटच्या परिसरात सुरू केले. प्रेषित थॉमस यांच्या स्मृतीने पवित्र मानल्या गेलेल्या त्या टेकडीजवळ त्याने साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली, आणि तेथून त्रिकोणाला त्रिकोण जोडीत त्याची माणसे उत्तरेकडे सरकत राहिली. त्यांच्याजवळचे कोन मोजण्याचे यंत्र जवळजवळ अर्धा टन वजनाचे होते. ते टेकड्यांवर, किल्ल्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवावे लागे. निजामाच्या राज्यातील रानांत हिवतापाने किती तरी माणसे आजारी पडली, दगावली. १८१५ साली बीदरजवळ नवी पायारेषा मोजली गेली. बीदर धारूरपासून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. लँबटन १८२३ साली, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, हे काम करीत असतानाच वारला. त्याच्यामागे ते पुढे चालू राहिले, आणि बीदरच्या बाजूने पश्चिमेकडे मुंबईपर्यंतही त्रिकोणांची एक रांग नेण्यात आली.

आज आपण ज्याला सहजपणे ‘हवाई अंतर’ म्हणतो ते असे मिळाले. विमानाचा शोध लागण्यापूर्वी ऐंशी-नव्वद वर्षे पायी चालणाऱ्या माणसांनी ते मोजले. खांद्यावर ओझे वाहणारे खलाशी, झेंडे धरून टेकडीवर उभे राहणारे शिपाई, झाडे तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे मजूर यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत. सरळ रेष आकाशातली खरी, पण ती आखली गेली पावलांनी.

ह्या सरळ रेषेच्या युगात धारूरचे काय झाले? जेथून मजला मोजल्या जात ते ठाणे आता वाटेच्या बाजूला पडले. १८७४ साली वाडीहून हैदराबादपर्यंत लोहमार्ग झाला आणि मुंबई-हैदराबादची गाडी सोलापूर-गुलबर्ग्यावरून धावू लागली. १९०० च्या सुमारास हैदराबादपासून मनमाडपर्यंतचा मार्ग नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद या वाटेने पुरा झाला. एक रेल्वे धारूरच्या दक्षिणेकडून गेली आणि दुसरी उत्तरेकडून. डोंगरावरच्या गावाला शिटी ऐकू आली नाही.

राजकीय दृष्ट्या तर धारूरची स्थिती अधिकच विलक्षण होती. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या कारवाईनंतर तो भारतात आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. म्हणजे धारूरच्या शेतकऱ्याची राजधानी एका पिढीत हैदराबादहून मुंबईस गेली. आम्ही नकाशावर पट्टी ठेवून मोजले. धारूर ते हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर, आणि धारूर ते मुंबई सुमारे ३४५. दोन्ही राजधान्या जवळजवळ सारख्याच दूर! दारे बदलली, पण दाराशी जाण्याचे अंतर तेवढेच राहिले.

त्या दोन शहरांना विमानाने जोडले तेही याच काळात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले. ते टपाल पुढे बेळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. १९४५ साली हैदराबाद राज्यात डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली आणि बेगमपेठच्या विमानतळावरून डकोटा विमाने निघू लागली. १९४८ साली राज्याचे भवितव्य टांगणीला लागले असता सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रे आणून हैदराबाद राज्यातील बीदर, वरंगळ अशा धावपट्ट्यांवर उतरवीत होता. एका माणसाच्या विमानाने माणसांना जवळ आणावे आणि दुसऱ्याच्या विमानाने बंदुका आणाव्यात! साधन निर्दोष असते. त्याने काय वाहून आणावे हे माणूस ठरवितो.

मुंबई ते हैदराबाद हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर. डकोटा ताशी अडीचशे किलोमीटरच्या थोडी वर उडे, म्हणजे तिला अडीच तासांच्या आसपास लागत. आजचे जेट विमान ताशी ८०० किलोमीटरने उडते. त्या हिशेबाने पाऊण तास पुरावा, पण वेळापत्रकात सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. कारण विमान धावपट्टीपर्यंत चालत जाते, वर चढते, नेमून दिलेल्या मार्गाने वळणे घेते, खाली उतरण्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबते. आकाशातही सरळ रेष क्वचितच मिळते. आणि आम्ही किल्ल्यावरून पाहिलेले विमान कोणते असावे? मुंबई आणि विशाखापट्टण यांच्यामध्ये नकाशावर रेष ओढली तर ती धारूरच्या दक्षिणेस जेमतेम दहा-अकरा किलोमीटरवरून जाते. कदाचित ते त्याच वाटेचे असेल.

पण विमानाने गरिबाला काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून दूरची साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना अमलात आली. ज्याने आयुष्यात विमान जवळून पाहिले नाही त्याचे पत्र विमानाने जाऊ लागले. मुलाची खुशाली आईला दोन दिवस आधी कळली. अंतर सर्वांसाठी कमी झाले, असे विमानयुगातील हे एक उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते.

याच्या उलट दुसरी एक आठवण मराठवाड्यातील जुन्या लोकांच्या मनात अद्याप आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून मुंबईकडे निघालेले एक विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकवर आदळले आणि पुढे जाऊन कोसळले. त्यातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्यू पावले. आकाशाची वाट आणि कापसाची वाट एकमेकींना अशा रीतीने भेटली. दोन्ही वाटांवर माणसेच होती.

अलीकडे अंतर कमी करण्याचे नवे प्रयत्न झाले. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतील पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हाही मार्ग होता. तासाभराच्या उड्डाणास काही आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आले. आणि पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिल्यानंतर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली.  धारूरच्या माणसाला सर्वांत जवळची धावपट्टी लातूरची, सरळ रेषेत साठ किलोमीटरवर. नांदेडची सुमारे १३० आणि छत्रपती संभाजीनगरची सुमारे १४० किलोमीटरवर.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. धारूर ते कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे ३०५ किलोमीटर. लहान पंख्याचे विमान तेवढे अंतर पाऊण तासात कापील आणि जेट त्याहून लवकर. परंतु असे विमान नाही. ज्याला खरोखरच विमानाने जावयाचे असेल त्याने आधी कोल्हापूरकडे पाठ फिरवून विमानतळ गाठावा, मुंबईस जावे, तेथून दुसरे विमान मिळाले तर पकडावे. त्याहून मालट्रक बरा. रस्त्याने हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. पूर्वी ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्यांनी निघत. दिवसाला वीस किलोमीटर धरले तर ती वाट पंधरा-अठरा दिवसांची होते. किश्वरखानाच्या फौजेची आणि कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याची मजल एकच होती! आता मुकादमाचा ट्रक किंवा ट्रॅक्टर एका दिवसरात्रीत त्यांना फडावर नेऊन सोडतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लहानगी लेकरे त्याच वाहनात असतात.

म्हणजे अंतर कमी झाले का? रस्त्याचे झाले. उचलीचे झाले नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत परत येता येत नाही, आणि ती फेडावयास अख्खा हंगाम लागतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुलगा या मोजणीत कोठेच येत नाही. त्याची शाळा बुडू नये म्हणून काहींना आजीपाशी ठेवतात आणि काही आईबापांबरोबर फडावरच्या खोपीत जातात. मोबाइलवर संध्याकाळी आवाज ऐकू येतो, तेवढाच आधार. लँबटनच्या खलाशांनी ही भूमी मोजली, पण त्या मोजमापात हे अंतर धरलेले नाही.

आमच्या वाचकांतील पुष्कळ घरांना अंतराचे दुःख परके नाही. कोणाचा मुलगा आखातात असतो, कोणाची मुलगी परदेशातील रुग्णालयात परिचारिका असते. २०३ दिवसांचा प्रवास काही तासांवर आला, ही केवढी तरी कृपा आहे. परंतु विमानाचे तिकीट जवळ असणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की त्याच्या खिडकीतून जी जमीन नकाशासारखी सपाट दिसते तिच्यावर घाट आहेत, आणि घाटांतून आजही कोणीतरी मजला मोजीत चालले आहे. दोन शहरांमधला वेळ त्या दोन शहरांपुरता खरा असतो. मधल्या गावांचा वेळ निराळा.

किल्ला उतरताना मुलगा आमच्याबरोबर शेळ्या घेऊन खाली आला होता. त्याची आजी वेशीजवळ बसली होती. “मुलगा-सून कधी येणार, बाई?” असे आम्ही तिला विचारले. तिने बोटे मोजली नाहीत, की महिन्याचे नाव घेतले नाही. “पट्टा पडला की येत्याल,” ती म्हणाली. कारखान्याचा हंगाम संपणे म्हणजे पट्टा पडणे. धारूरहून कोल्हापूर किती लांब, याचे नेमके उत्तर त्या गावात सर्वांना ठाऊक होते. आमच्याच नकाशावर ते नव्हते.